‘ते फक्त तुला वाटतं, आई’

पत्र : आमच्या सात मजली इमारतीत दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या दाराशेजारी पाटी लागली, ‘घरकामगारांनी जिन्याचा वापर करावा’. तेव्हा मी काहीच बोलले नाही. सकाळच्या घाईत लिफ्ट मोकळी मिळू लागली, म्हणून खरे तर बरेच वाटले. गेल्या महिन्यात आमच्याकडे पाचव्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशी चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. एका हाताने त्यांनी कठडा धरला होता, दुसऱ्या हाताने त्या गुडघा दाबत होत्या. सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले आणि ही पाटी चुकीची आहे, असे म्हणाले. काहींनी देखभालीच्या खर्चाचा आणि गर्दीचा मुद्दा काढला. एक सभासद म्हणाले, ‘तुम्हाला तसे वाटते, आम्हाला नाही वाटत.’ घरी आल्यावर बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेला माझा मुलगाही तेच म्हणाला. एखाद्याला कारले आवडत नाही, तशी तुला ती पाटी आवडत नाही, यात खरे-खोटे काही नाही, असे त्याचे म्हणणे. एयर नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने हे सिद्ध केले आहे, असेही तो सांगतो. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की मी केवळ भावनेच्या भरात बोलले का? तुकोबांनीही मनालाच ग्वाही केले होते ना? मग मन म्हणजे भावनाच नव्हे का?
– एक वाचक, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ते आधीच सांगतो. सभेत तुम्ही जे म्हणालात ते भावनेतून आले होते हे खरे आहे, पण ती केवळ भावना नव्हती. तुमचा मुलगा काहीतरीच बोलतो आहे, असे मात्र समजू नका. ज्या मताचा तो आधार घेतो, ते विसाव्या शतकातल्या काही अतिशय कुशाग्र माणसांनी मांडलेले आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि दरवर्षी हे मत मुलांपुढे शक्य तितक्या ताकदीने मांडत असे, कारण जे मत नीट उभे केलेले नाही त्याचे खंडनही नीट होत नाही.

आधी आपल्या भाषेतली एक गफलत दूर करू. मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद दोन अगदी वेगळी कामे करते. ‘मला भीती वाटते’ यात ते भावना सांगते. ‘मला वाटते, दुपारनंतर पाऊस येईल’ यात ते अंदाज सांगते, आणि पाऊस आला नाही तर माझा अंदाज चुकला असे आपण म्हणतो. ‘मला हे चुकीचे वाटते’ हे वाक्य या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे, हाच तर सगळा वाद आहे. सभेतले ते सभासद ‘तुम्हाला तसे वाटते’ म्हणाले तेव्हा त्यांनी हा वाद न घालताच तो निकालात काढला. ‘गच्चीचा स्लॅब कमकुवत झाला आहे असे मला वाटते’ असे एखाद्या अभियंत्याने त्याच सभेत म्हटले असते, तर त्यालाही ‘तुम्हाला वाटते, आम्हाला नाही वाटत’ असे सांगून कोणी खाली बसवले नसते. त्याला कारणे विचारली असती. तुम्हाला कोणी कारणे विचारली नाहीत, आणि तुमच्या पत्रातली खरी खंत मला तीच दिसते.

आता एयर यांच्याविषयी. आल्फ्रेड एयर हे व्हिएन्नातल्या तत्त्वचिंतकांच्या मंडळात काही महिने राहून आलेले, ऑक्सफर्डमधले पंचविशीचे अध्यापक होते, आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात हे मत आले. त्यांची कसोटी सोपी होती. एखादे विधान अर्थपूर्ण असायचे तर ते एकतर गणितातल्या विधानासारखे शब्दांच्या अर्थावरूनच खरे ठरले पाहिजे, किंवा डोळ्यांनी, कानांनी, प्रयोगाने त्याची कुठेतरी पडताळणी करता आली पाहिजे. ‘चोरी वाईट आहे’ हे विधान या दोन्हींत बसत नाही. म्हणून ‘तू ते पैसे चोरलेस, हे वाईट केलेस’ असे कोणी म्हणाले तर एयर यांच्या मते त्यात माहिती एवढीच की तू पैसे चोरलेस. उरलेला भाग म्हणजे तेच वाक्य तिरस्काराच्या सुरात उच्चारणे होय.

इथे तुमच्या मुलाच्या हातून एक बारीक गोष्ट निसटली आहे. कारल्याचा दाखला एयर यांनी दिला नसता. ‘मला कारले आवडत नाही’ हे माझ्याविषयीचे विधान आहे आणि ते खरे किंवा खोटे असू शकते. पाहुण्यांच्या भिडेखातर मी खोटे बोलत असेन. नैतिक वाक्य अशी स्वतःविषयीची माहितीसुद्धा देत नाही, ते निव्वळ ‘छी!’ किंवा ‘अरेरे!’ म्हणण्यासारखे आहे, असे एयर यांचे म्हणणे. नैतिक विधान म्हणजे बोलणाऱ्याच्या आवडीनिवडीची नोंद, हे मत त्यांनी स्पष्टपणे नाकारले होते. त्यासाठी दिलेले कारणही मार्मिक होते : ‘मला जे मान्य आहे ते कदाचित चुकीचे असेल’ असे एखादा माणूस म्हणाला, तर त्याच्या बोलण्यात विसंगती नसते.

मला वाटते, एयर यांनी स्वतः टिपलेली हीच गोष्ट पुढे त्यांच्याही मताला भारी पडते. ते तुमच्याच पत्रावरून दाखवता येईल. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे की दोन वर्षांपूर्वी पाटी लागली तेव्हा तुम्हाला बरेच वाटले होते. आज तुम्हाला ती चुकीची वाटते. निवाडा म्हणजे भावनेचा उद्गार असेल, तर घडले ते एवढेच की तेव्हा एक उद्गार निघाला आणि आता दुसरा निघतो आहे. पण तुम्हाला घडलेली गोष्ट अशी दिसत नाही. तुमच्या पत्राच्या समासात, शाई बदललेली दिसते त्या ठिकाणी, तुम्ही दोनच शब्द लिहून ठेवले आहेत : ‘माझे चुकले.’ कारल्याच्या बाबतीत असे कोणी म्हणत नाही. लहानपणी न आवडणारे कारले चाळिशीत आवडू लागले, तर लहानपणी माझे चुकत होते असे आपण म्हणत नाही, आवड बदलली एवढेच म्हणतो. ‘माझे चुकले’ या शब्दांना अर्थ असायचा, तर तेव्हा मला जे वाटत होते त्याखेरीज आणखी काहीतरी असावे लागते, ज्याच्याशी माझे वाटणे जुळत नव्हते.

माझ्या आजोळी न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा ठेवलेला असे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहा त्यात वरून ओतला जाई, आणि तो कप त्या स्वतः विसळून परत उपडा ठेवत. माझी आजी कठोर बाई नव्हती. त्या बाईंच्या मुलाला ताप आला तेव्हा आजीने रात्री काढा करून पाठवला होता. पण त्या कपाविषयी तिला कधी काही वाटले नाही, आणि तिथे बसून चहा पिताना मलाही कधी काही वाटले नाही. वाटण्यावरच सगळे अवलंबून असते, तर त्या घरात काहीच चुकीचे नव्हते असे म्हणावे लागेल, कारण कोणालाच तसे वाटत नव्हते. त्या बाईंना काय वाटत होते हे आम्ही विचारले नाही. पण त्यांनाही त्याची सवय झाली असती, तरी तो कप तिथे ठेवणे चुकीचेच राहिले असते, अशी माझी ठाम खात्री आहे.

याच्या उलट बाजूची गोष्ट महाडची आहे. मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले, पण प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी त्या तळ्याची पंचगव्याने ‘शुद्धी’ केली. त्या माणसांना आलेली किळस खोटी होती, असे मानण्याचे कारण नाही. ती अगदी मनापासूनची होती, आणि तळ्यावर गेलेल्यांचा संतापही मनापासूनचाच होता. निवाडा म्हणजे भावनेचा उद्गार एवढेच असेल, तर त्या दिवशी तळ्याच्या काठावर दोन प्रकारचे उद्गार निघाले आणि कोणाचेच काही चुकले नाही, यापुढे आपल्याला काही बोलता येत नाही. परंतु तिथे युक्तिवादही झाला होता आणि तो अत्यंत नेमका होता : या तळ्यावर गुरेढोरे पाणी पितात, इतर धर्मांची माणसे पाणी घेतात, मग आम्हालाच मनाई का? या प्रश्नाला किळस हे उत्तर होऊ शकत नाही. पुढे खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल कायम केला. न्यायालयाने कोणाची भावना अधिक तीव्र हे मोजले नाही. तळे खासगी आहे का आणि मनाईची रूढी सिद्ध होते का, हे पाहिले.

तुमच्या मुलाला तर्कशास्त्राची गोडी असेल, तर त्याच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. ती पीटर गीच या इंग्रज तत्त्वज्ञांनी १९६० च्या दशकात मांडली, आणि एयर यांच्या बाजूच्या विद्वानांना तिने आजवर झोप लागू दिलेली नाही. मी ती तुमच्या जिन्यावर आणून मांडतो. ‘मावशींना लिफ्ट नाकारणे चुकीचे असेल, तर वॉचमनला सांगून त्यांना अडवणेही चुकीचे आहे.’ हे वाक्य पाटीच्या बाजूचा माणूसही मान्य करील. ते उच्चारताना लिफ्ट नाकारण्याविषयी कोणीही ‘छी!’ म्हणत नाही, कारण ‘असेल तर’ या शब्दांनी तो प्रश्न बाजूला ठेवलेला आहे. तरीही ‘चुकीचे’ या शब्दाला त्यात पूर्ण अर्थ आहे. आता त्याला हे दुसरे वाक्य जोडा : ‘लिफ्ट नाकारणे चुकीचे आहे.’ दोन्हींवरून वॉचमनविषयीचा निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो. दुसऱ्या वाक्यातला ‘चुकीचे’ म्हणजे नुसता तिरस्काराचा सूर असता, तर पहिल्या वाक्यातला शब्द आणि हा शब्द एकच राहिला नसता आणि अनुमान तुटले असते. ते तुटत नाही, हे आपण सगळे रोज पाहतो. एयर यांचे वारसदार यावर तोडगे सुचवतात आणि त्यांतले काही फार कसबी आहेत. पण ते सुचवावे लागतात, यातच मूळ मत किती अपुरे होते ते दिसते.

ऑक्सफर्डमध्येच तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या फिलिपा फूट यांनी वेगळ्या दिशेने याच मताला हात घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांची छायाचित्रे बाहेर आली. ती पाहिल्यावर, या माणसांमध्ये आणि आपल्यामध्ये फरक केवळ भावनांचा आहे, असे म्हणणे त्यांना अशक्य झाले. १९५८ सालच्या एका लेखात त्यांनी ‘उद्धट’ या अगदी साध्या शब्दाचे उदाहरण घेतले. ‘उद्धट’ म्हणण्यात नापसंती आहेच, पण म्हणून वाटेल त्या वागण्याला उद्धट म्हणता येत नाही. कोणी दाराकडे सावकाश चालत गेला, तर दुसरे काही कारण असल्याशिवाय त्याला उद्धट ठरवता येणार नाही, मला कितीही राग आला तरी. आपल्याकडचे कृतघ्न, लबाड, निर्दय हे शब्द असेच आहेत. त्यांत माहिती आणि निवाडा दुधात साखर विरघळावी तसे एकत्र झालेले आहेत. तुमच्या सभेला लागू पडणारा शब्द ‘अपमान’ हा आहे. पाटीवर ‘घरकामगार’ लिहिले आहे, ‘जड सामान नेणारे’ असे लिहिलेले नाही. मावशींच्या हातात काही नसतानाही ती पाटी त्यांना लागू होते आणि वीस किलोच्या बॅगा घेऊन येणाऱ्या तुमच्या पाहुण्यांना लागू होत नाही. ही पडताळून पाहता येणारी वस्तुस्थिती आहे, आणि ‘अपमान’ हा शब्द तिथे बसतो की नाही हे तिच्यावरून ठरते.

आता तुकोबांच्या शब्दाकडे वळतो, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला तोच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ असे ते म्हणतात, आणि बहुमताला मानले नाही असे लगेच पुढे सांगतात. ग्वाही म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराने घटना घडवलेली नसते, ती त्याच्याबाहेर घडलेली असते आणि तो फक्त सांगतो. मनच सत्य-असत्य ठरवत असते, तर त्याला ग्वाही म्हणण्याचे कारण नव्हते, कर्ता म्हटले असते. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून मला जे वर्षानुवर्षे उलगडत गेले, ते या एका शब्दात आधीच होते, असे मला आता वाटते. भावना ही साक्ष आहे. तिच्यावाचून खटला उभाच राहत नाही. पायरीवर बसलेल्या मावशींना पाहून तुमच्या पोटात तुटले नसते, तर ती पाटी आणखी दहा वर्षे तुम्हाला दिसली नसती. नुसती बुद्धी माणसाला जागचे हलवत नाही, असे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकातच म्हटले होते आणि ते मला बरोबर वाटते. पण साक्षीची उलटतपासणी करता येते आणि ती करावीही लागते. साक्षीदाराला नीट दिसत होते का? त्याचा काही स्वार्थ होता का? तो जागा बदलून तिथे उभा राहिला असता, तर त्याने हेच सांगितले असते का?

तुमची दोन वर्षांपूर्वीची ‘बरे वाटले’ ही साक्ष या तपासणीत टिकत नाही. तिच्यात लिफ्ट मोकळी मिळण्याचा स्वार्थ होता आणि जिन्यावरचे दृश्य नव्हते. आजची साक्ष टिकते का, हे पाहताना सभेतल्या विरोधकांची कारणेही मनापासून तपासा, कारण उलटतपासणी दोन्ही बाजूंची व्हायला हवी. त्यांनी देखभालीच्या खर्चाचा आणि गर्दीचा मुद्दा काढला, असे तुम्ही लिहिता. हे मुद्दे खोटे असतीलच असे नाही. लिफ्टचा खर्च खरोखर वाढत असेल, तर त्याची कागदपत्रे मागवून पाहता येतात. सकाळी आठ ते नऊ गर्दी होत असेल, तर सर्वांना सारखाच लागू होणारा एखादा नियम करता येतो. या कारणांतून ठरावीक माणसांनीच जिना चढावा असा निष्कर्ष मात्र निघत नाही. तो काढायला आणखी एक गृहीतक लागते, आणि ते सभेत कोणीही मोठ्याने उच्चारले नाही. ते मोठ्याने उच्चारायला लोक कचरले, याचा अर्थ त्यांच्याही मनाची ग्वाही पूर्ण गप्प नव्हती, असे मी समजतो.

यावरून नैतिक सत्ये सह्याद्रीच्या कड्यांसारखी कुठेतरी बाहेर उभी आहेत, असे मी म्हणतो असे मात्र समजू नका. ती नेमकी कशा प्रकारची असतात, यावर तत्त्वज्ञांचे आजही एकमत नाही, आणि मलाही त्याचे समाधान होईल असे उत्तर सापडलेले नाही. मी एवढेच म्हणतो की जिथे कारणे देता येतात, विसंगती दाखवता येते, ‘माझे चुकले’ म्हणता येते आणि तपासाने मत सुधारते, तिथे चाललेल्या व्यवहाराला केवळ भावनांचे प्रदर्शन म्हणणे हे त्या व्यवहाराचे खोटे वर्णन आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की संवैधानिक नैतिकता ही निसर्गतः येणारी भावना नाही, ती जोपासावी लागते. भावना जोपासावी लागते हे मान्य केले, की ती कोणत्या दिशेने जोपासायची हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर पुन्हा भावनेकडूनच मागता येत नाही.

मुलाशी बोलाल तेव्हा त्याला हरवण्यासाठी बोलू नका. एयर स्वतः आयुष्यभर सार्वजनिक प्रश्नांवर बोलत राहिले, हे त्याला जरूर सांगा. इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारा कायदा बदलावा यासाठी चाललेल्या चळवळीत ते पुढे होते, आणि १९६७ साली तो कायदा बदलला. ‘तुला तसे वाटते’ म्हणून कोणी गप्प बसावे, असा अर्थ त्यांनीही आपल्या सिद्धान्तातून काढला नव्हता. हे मत तरुण वयात आकर्षक वाटते, त्यामागे बहुधा एक चांगली प्रेरणा असते : दुसऱ्यावर आपले मत लादू नये. ती प्रेरणा त्याच्या मनात असेल, तर तिचे कौतुक करा आणि मग विचारा, ‘मत लादू नये’ हेही फक्त तुला वाटते का, की ते खरोखर तसे आहे? उत्तराची घाई करू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या.

आणि पुढच्या सभेविषयी. आयत्या वेळच्या विषयांत हा प्रश्न काढलात तर पुन्हा दोन मिनिटांत गुंडाळला जाईल. सचिवांना आताच लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा आणि पत्राची पोच घ्या. पत्रात ‘मला वाईट वाटते’ हे वाक्य असू द्या, ते खरे आहे. पण त्याखाली पाटीचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, ती कोणाला लागू होते आणि कोणाला होत नाही ते लिहा, आणि खर्चाचे आकडे मागवा. मसुदा मुलाकडून लिहून घेतलात तर फार चांगले. त्याच्याइतका कडक परीक्षक तुम्हाला इमारतीत दुसरा मिळणार नाही.

मात्र पत्र देण्याआधी एक काम करा, जे मी आजोळच्या त्या घरात कधी केले नाही. तुमच्या संपूर्ण पत्रात मावशींचा गुडघा आहे, त्यांचा हात आहे, पण त्यांनी उच्चारलेला एकही शब्द नाही. कदाचित त्यांना हा विषय सभेत नको असेल, कारण इतर घरांची कामे जातील अशी भीती असेल. कदाचित त्यांना लिफ्टपेक्षा वेगळेच काही खुपत असेल. उद्या सकाळी चहा ठेवाल तेव्हा त्यांना खुर्चीवर बसायला सांगा, तुम्हीही समोर बसा, आणि त्यांचे म्हणणे विचारा.

तुमचा,
सदरलेखक